एवाल्डचे दोनशे चाळीस

हालिंगनमध्ये एवाल्ड हेगेलेला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती आणि छतं त्याच्या हातची. तरुणपणापासून त्यानं एकच काम केलं, गिलाव्याचं. खांदा निकामी झाला, गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यानं धंदा विकला. आणि त्या पैशातून, बायको सोडून कुणालाही न विचारता, एक चंदेरी स्पोर्ट्स कार घरी आणून उभी केली. होती जुनीच, आधी कुणीतरी वापरलेली, पण श्टुटगार्टच्या नामांकित कारखान्यातली. इंजिन मागे, बसायची जागा जमिनीलगत. एवाल्डला तिच्यात शिरताना गुडघ्यांची समजूत काढावी लागायची.

गावाला हे पचलं नाही. आमच्या श्वाबेनमध्ये, म्हणजे जर्मनीच्या या दक्षिण भागात, पैसा असायला कुणाची हरकत नसते, तो दिसला की मात्र लोकांचं डोकं फिरतं. इथे दोन घरांचा मालकसुद्धा शनिवारी आपल्या दारापुढचा रस्ता स्वतः झाडतो आणि कालचा शिळा ब्रेड आज सूपमध्ये बुडवून खातो. असल्या गावात गिलाव्यावाल्यानं ही गाडी घ्यावी? पण या गुन्ह्याला माफी आहे, एकाच प्रकारची. घेतलेली वस्तू पुरेपूर वापरायची. ज्या वेगाचे पैसे मोजलेत तो वेग गाडीतून काढायचा. एवढी गाडी घेऊन ती शंभरनं चालवणं म्हणजे आमच्या लेखी भरल्या पंगतीतून उपाशी उठण्यासारखं. उधळेपणापेक्षा वाईट ते. कंजूष लोकांचं तर्कशास्त्र असंच असतं, आणि मी त्यांच्यातलाच असल्यामुळे मला ते बरोबरही वाटायचं.

पहिल्याच गुरुवारी दुपारी एवाल्ड गिझेलाला, म्हणजे बायकोला, घेऊन ऑटोबानवर, म्हणजे मोठ्या महामार्गावर, गेला. डोंगर उतरला की पुढे लांब सरळ पट्टा लागतो. तिथे वेगाला मर्यादा नाही. डावी लेन मोकळी होती. एवाल्डनं पाय दाबला. काटा एकशे ऐंशीला टेकला. समोरची ठिपक्याएवढी गाडी बघता बघता घराएवढी झाली. त्यानं पाय काढला, उजवीकडे येऊन एका ट्रकच्या मागे लागला आणि पहिल्या थांब्यावर गाडी उभी केली. किल्ली काढून त्यानं गिझेलाच्या मांडीवर टाकली.

गिझेलानं काच खाली केली. मग तिनं पिशवीतून सॉसेज घातलेला ब्रेड काढून त्याच्यापुढे धरला.

"खा. आणि परत जाताना त्या ट्रकवाल्यांच्या मागनंच चल. कुणी काठी घेऊन मागे लागलेलं नाही तुझ्या."

"टेबलावर काय सांगू?"

"सांग पोटात दुखलं म्हणून."

टेबल म्हणजे ओटमारच्या खाणावळीतलं कोपऱ्यातलं गोल टेबल. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे ठरलेली माणसं बसतात. दुसऱ्या कुणी चुकून बूड टेकवलं तर ओटमार त्याला उठवतो. एवाल्ड तिथे तीस वर्षं बसत आलेला. त्या संध्याकाळी तो आत आला तेव्हा सगळे त्याची वाटच बघत होते. फोल्कर हा निवृत्त पोस्टमन, जिभेला हाड नाही. त्यानं सुरुवात केली.

"या, या सरकार. किती काढलेत? का नुसती पुसायला घेतली आहे गाडी?"

"पुसायला तरी जमतंय का बघ," दुसरा कुणीतरी म्हणाला. "भिंत समजून चुना फासायचा."

हशा झाला. एवाल्डनं तोंड उघडलं ते पोटदुखी सांगायलाच. पण गाडी विकणाऱ्यानं सांगितलेला आकडा कुठेतरी जिभेवर बसलेला होता.

"दोनशे चाळीस," तो म्हणाला.

ओटमारनं न मागता लाल वाईनचा पेला आणून त्याच्यापुढे ठेवला. फोल्करसुद्धा मान हलवून म्हणाला, "मग ठीक आहे. मग पैसे वाया नाही गेले."

घरी गिझेला चिडली. "दोनशे चाळीस? कुणी विश्वास ठेवला?"

"सगळ्यांनी."

"मूर्ख आहेत मेले. आणि मला विचारलं तर?"

"सांग, डोळे मिटून बसले होते."

तिनं तसंच सांगितलं. बेकरीत बायकांनी विचारलं की ती म्हणायची, "मी तर बाई डोळे मिटूनच असते." हे अगदीच खोटं नव्हतं. ट्रकच्या मागे शंभरच्या आत चालणाऱ्या त्या गाडीत तिला छान झोप लागायची.

अशी अकरा वर्षं गेली. दर गुरुवारी जेवण झालं की एवाल्ड गाडी काढायचा, उजव्या लेनमध्ये एखादा सभ्य ट्रक बघून त्याच्या मागे लागायचा, थांब्यावर ब्रेड खायचा आणि तसाच परत यायचा. थांब्यावर इतर गाड्यांचे मालक उभे असायचे, त्यांच्या गप्पा तो कान देऊन ऐकायचा आणि संध्याकाळी टेबलावर त्या स्वतःच्या करून सांगायचा. लांबूनच दिवा दाखवायचा, लोक आपसूक बाजूला होतात. पाय काढायचा नाही, पाय काढला की पुढचा गोंधळतो. सांगता सांगता त्याचा आवाजही बदलायचा. गिलाव्याबद्दल त्याला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. हे मात्र लोक विचारत होते.

याची किंमत त्याला घरातच मोजावी लागली. मुलगी उटे शेजारच्या गावात राहते. नात झाली, मोठी झाली, आजोबांच्या गाडीत बसायचं म्हणून हट्ट धरून रडली. उटे म्हणाली, "बाबा, तुम्ही तुमचा जीव घाला खड्ड्यात. माझी पोरगी त्या गाडीत पाय ठेवणार नाही." एवाल्डनं मान खाली घातली. त्या रात्री गिझेला म्हणाली, "सांगून टाक तिला." तो म्हणाला, "उटेला सांगितलं की जावयाला कळणार, जावयाला कळलं की टेबलाला." गिझेलानं दिवा मालवला आणि पाठ फिरवून झोपली.

टेबलावर तीन वर्षांपूर्वी एक नवा माणूस आला, योखेन. घरं तापवायच्या बॉयलरची दुरुस्ती करणारा, चाळिशीचा, कामाला वाघ, बोलायला गरीब. त्याची खुर्ची एवाल्डच्या शेजारी. बाकीचे ऐकून ऐकून विटले होते, योखेन मात्र दरवेळी नव्यानं ऐकायचा. त्यानं पै पै साठवली आणि गेल्या शरदात तशीच चंदेरी गाडी घेतली. घ्यायच्या आधी एवाल्डला घेऊन बघायला गेला होता. एवाल्डनं चाकांना लाथ मारून बघितली, बॉनेटवरून हात फिरवला आणि घे म्हणाला.

"दोनशेच्या वर भीती नाही वाटत?" योखेननं विचारलं होतं.

"पहिल्यांदा वाटते," एवाल्ड म्हणाला. "मग सवय होते."

आणि या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी त्या लांब पट्ट्यावर मिर्याम श्टोत्सचा जीव गेला.

मिर्याम गावातल्या औषधांच्या दुकानात कामाला होती. ऐन पंचविशीची, नाकावर चष्मा, म्हाताऱ्यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते तीन तीनदा समजावून सांगणारी. तिची छोटी निळी गाडी ट्रकला ओलांडायला डावीकडे गेली होती. मागून एक चंदेरी गाडी दिवा दाखवत आली. मिर्याम घाबरली, ट्रक पुरता मागे पडायच्या आत उजवीकडे वळली, ट्रकच्या कोपऱ्याला घासली आणि फिरत जाऊन कठड्यावर आदळली. चंदेरी गाडीचा तिला स्पर्शही झाला नव्हता. ती न थांबता निघून गेली. ट्रकवाल्याला नंबर दिसला नाही, पण गाडी कुठली ते दिसलं, आणि नंबराच्या पाटीवरची पहिली अक्षरं आपल्याच जिल्ह्याची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस एवाल्डच्या दारात. एक बाई, आणि तिच्याबरोबर एक तरुण शिपाई.

"काल दुपारी तुम्ही ऑटोबानवर होतात?"

"होतो."

"किती वेगात?"

एवाल्डनं गिझेलाकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला. "नव्वद. फार तर शंभर. ट्रकच्या मागे."

पोलीसबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "हेगेले, आम्ही इथे यायच्या आधी खाणावळीत गेलो होतो. बेकरीतही गेलो. ज्याला विचारलं तो एकच आकडा सांगतो."

"ते खोटं आहे," गिझेला म्हणाली. "मी दर गुरुवारी शेजारी बसते. शंभरच्या वर हा माणूस कधी जात नाही. भित्रा आहे."

"तुम्ही तर डोळे मिटून बसता म्हणे," बाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

गाडी जुनी, तिच्यात वेगाची नोंद कुठे राहत नाही. दुपारी त्यांनी ती मोठ्या ट्रेलरवर चढवून तपासायला नेली. सगळी गल्ली खिडकीत. शनिवारी एवाल्ड रस्ता झाडायला बाहेर आला तर समोरचा शेजारी झाडू अर्धवट टाकून आत गेला. बेकरीत गिझेलाच्या पुढच्या बाईचं बोलणं मध्येच थांबलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. आमच्याकडे तसं करत नाहीत. नुसतं बोलणं बंद करतात.

उटे संध्याकाळी आली, कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"बाबा, तुम्ही होतात का?"

"नव्हतो. शपथ." आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. पहिला दिवस, एकशे ऐंशीचा काटा, ट्रक, ब्रेड, सगळं. उटे ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. तिनं विश्वास ठेवला, आईच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. मग ती रडायला लागली, आणि एवाल्डला वाटलं की सुटल्यासारखं वाटून रडत असेल.

"माझी पोरगी दर वाढदिवसाला तुमच्या गाडीत बसायचं मागायची," उटे म्हणाली. "दर वाढदिवसाला मी नाही म्हटलं. आणि तुम्ही समोर बसून केक खात होतात. त्या चार बेवड्यांना काय वाटेल, म्हणून?"

एवाल्डनं तिच्यासाठी कॉफीचं भांडं चढवलं.

मिर्यामच्या अंत्यविधीला तो गेला नाही. गिझेला म्हणाली, जाऊ नकोस, त्यांना त्रास होईल. पण नंतर मिर्यामची आई, बीर्गिट श्टोत्स, स्वतःच त्याच्या फाटकाशी आली. नवरा नसलेली बाई, एवढी एकच लेक. काळा कोट, डोक्याला काही नाही. एवाल्ड बाहेर आला. ती त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "दोनशे चाळीस ना? माझ्या पोरीच्या मागे दोनशे चाळीस?" तो "मी नव्हतो" म्हणायच्या आत ती वळून चालायला लागली होती.

त्या गुरुवारी एवाल्डनं ठरवलं. गावापुढे आपली लाज गेली तर जाऊ दे, पण एका आईनं आपल्याला तिच्या पोरीचा मारेकरी समजू नये. तो पायी खाणावळीत गेला. टेबलावर सगळे होते. त्याची खुर्ची रिकामी ठेवलेली होती, पण कुणी बस म्हणालं नाही. तो उभ्यानंच बोलला.

"मी आजवर तुम्हाला जे सांगितलं ते सगळं खोटं होतं. दोनशे चाळीस मी कधी गेलो नाही. मला वेगाची भीती वाटते. मी ट्रकच्या मागे चालवतो."

फोल्कर हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "आज आठवलं होय? अकरा वर्षं आमच्या डोक्यावर मिरे वाटलेस, आणि पोलीस आल्यावर भित्रा झालास?"

"भित्रा होतोच. त्यासाठीच तर खोटं बोललो."

"ऐका," फोल्कर बाकीच्यांना म्हणाला. "ह्याच्यासारखा शहाणा कुणी नाही. एवाल्ड, निदान पुरुषासारखं कबूल तरी कर."

ओटमार हातात फडकं घेऊन उभा राहिला. "एवाल्ड, आज तू घरी जावंस हे बरं," तो हळूच म्हणाला.

एवाल्ड वळणार तेवढ्यात योखेन बोलला. आतापर्यंत तो बिअरकडे बघत होता. पोलिसांनी त्यालाही विचारलं होतं, गाडी तशीच म्हणून. त्यानं सांगितलं होतं, मी एका तळघरात बॉयलर उघडून बसलो होतो. कुणी फार खोदून विचारलं नाही. कशाला विचारतील? गावाकडे एवाल्ड होता ना.

"कधीच नाही?" योखेननं विचारलं.

"पहिल्या दिवशी एकशे ऐंशी. त्यानंतर कधीच नाही."

"आणि लांबून दिवा दाखवायचा, लोक आपसूक बाजूला होतात, ते?"

"ते थांब्यावर ऐकलेलं. लोक बोलतात तिथे."

"पाय काढायचा नाही. पाय काढला की पुढचा गोंधळतो. तू म्हणाला होतास."

"ऐकलेलं, योखेन. मला काय माहीत? मी कधी केलंच नाही."

योखेन त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा गिलावा न केलेल्या भिंतीसारखा झाला होता.

"मी पाय काढला नाही," तो म्हणाला.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मग ओटमारनं फडकं खाली ठेवलं. योखेन उठला, कोट घातला, आणि दारात थांबून एवाल्डला म्हणाला, "मला वाटलं ती सरकेल. तू सांगितलं होतंस, सरकतात." तो तिथून सरळ चौकीवर गेला.

पुढच्या आठवड्यात एवाल्डची गाडी परत आली. शेजारी फाटकाशी येऊन हवापाण्याचं बोलला. बेकरीवालीनं गिझेलाच्या पिशवीत एक गोड पाव जास्तीचा टाकला. फोल्कर तर घरी आला, दारात उभा राहून टोपी फिरवत राहिला. म्हणाला, "माझी जीभ झडो, एवाल्ड. गुरुवारी ये. पेला माझ्याकडून." एवाल्ड बरं म्हणाला, आणि गेला नाही.

तो चौकीवर गेला. त्या पोलीसबाईंना त्यानं सांगितलं की योखेनला हे सगळं मी शिकवलं, तेही लिहून घ्या. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "हेगेले, बढाया मारणं कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. तुमच्यावर काहीही नाही. घरी जा."

"मग हे मी सांगू कुणाला?" त्यानं विचारलं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. गोटा बसला खरा, पण बसला दुसऱ्याच्या पोरीच्या कपाळी, आणि ज्यानं भिरकावला त्याला सगळं गाव माफ करत सुटलं होतं. एवाल्डला ती माफी सहन होईना. गिझेला म्हणाली, "मग जा जिच्याकडे जायचं तिच्याकडे. मी येत नाही. हे तुझं तूच निस्तर."

बीर्गिटनं दार उघडलं आणि त्याला बघून तिचे डोळे भरले. "आत या, आत या," ती म्हणाली. "मीच येणार होते. मी तुम्हाला काय बोलून बसले त्या दिवशी. निरपराध माणसाला. मला माफ करा." तिनं त्याला बसवलं, कॉफी ओतली, प्लमचा केक कापून पुढे ठेवला. वरचं छत एवाल्डनंच केलेलं होतं, मिर्याम रांगत होती तेव्हा. तो वर बघू शकला नाही.

"तुम्ही माफी मागू नका," तो म्हणाला. "मी सांगायला आलोय." आणि त्यानं सांगितलं. टेबलावर बोललेला आकडा, थांब्यावर ऐकलेल्या गप्पा, योखेनच्या गाडीवरून फिरवलेला हात, "सवय होते" म्हणाला होता ते. काहीही गाळलं नाही.

"म्हणजे चालवत तुम्ही नव्हतात," शेवटी ती म्हणाली.

"नाही."

"पण त्याला कसं चालवायचं ते तुम्ही सांगितलंत."

"हो."

"आणि तुम्हाला स्वतःला भीती वाटायची."

"फार."

बीर्गिटनं टेबलावरचं कापड सरळ केलं. मग म्हणाली, "मिर्यामलाही वाटायची. ऑटोबानवर जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून तिच्या पोटात दुखायचं. गावागावांतल्या रस्त्यानं जाते म्हणायची, उशीर झाला तरी चालेल म्हणायची. मीच म्हणायचे, घाबरट कुठली, लोक काय म्हणतील, जा."

ती त्याला जा म्हणाली नाही आणि बसाही म्हणाली नाही. एवाल्डनं मान वर करून छताकडे बघितलं. कॉफी दोघांचीही तशीच राहिली.